धर्मग्रामाचे पुराण

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाच्या वर्षात काही दिवस असे येतात की, त्या दिवशी त्याला आपल्या भाषेची आठवण रीतसर करावी लागते. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हा त्यांतील एक. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या जातात, मुले पाठ केलेल्या कविता म्हणतात, आणि अध्यक्षस्थानी असलेले गृहस्थ भाषणाच्या अखेरीस फादर स्टीफन्सच्या त्या प्रसिद्ध ओव्या म्हणून दाखवितात. रत्ने, फुले, पक्षी, वृक्ष यांच्या उपमा देऊन मराठीला भाषांमध्ये श्रेष्ठ ठरविणाऱ्या त्या ओव्यांना टाळ्या हटकून मिळतात. एका परकीय माणसाने, त्यातून इंग्रजाने, आपल्या भाषेला दिलेले ते प्रशस्तिपत्र! आम्हीही त्या टाळ्यांत आजवर अनेक वेळा सामील झालो आहोत.

अशाच एका समारंभानंतर चहाच्या वेळी वसईकडचे एक कॅथलिक गृहस्थ आमच्याशेजारी उभे होते. केंद्र सरकारच्या सेवेत त्यांची निम्मी हयात बदल्यांत गेलेली. ते हसून म्हणाले, "साहेब, या ओव्या मी प्रत्येक गावच्या मंडळात ऐकल्या. पण त्यांच्या पुढची ओवी कुणाला येत असल्याचे मला अजून आढळलेले नाही. आणि कार्यक्रम संपला की कुणीतरी मला विचारतोच, तुम्ही ख्रिश्चन, मग तुमचे मराठी इतके चांगले कसे?" आम्ही निरुत्तर झालो, कारण पुढची ओवी आम्हांलाही येत नव्हती. घरी आल्यावर ‘ख्रिस्तपुराण’ आरंभापासून वाचावयास घेतले. प्रस्तुत लेख हे त्या वाचनाचे फळ होय.

थॉमस स्टीफन्स हे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात जन्मले, येशू संघात दाखल झाले, १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली गोव्यातच वारले. त्या चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी गोव्याच्या साष्टी महालात काढला. (ठाणे-मुंबईकडचे साष्टी बेट ते निराळे.) म्हणजे एका अर्थी तेही परप्रांती नेमणूक झालेले अधिकारीच, अंतर इतकेच की, त्यांची परत बदली कधी झाली नाही. त्यांचा ग्रंथ १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या आगमनाच्या अपेक्षेपर्यंत चालते. ‘दुसरे पुराण’ ख्रिस्ताचे जन्म, उपदेश, मरण आणि पुनरुत्थान सांगते. पहिल्यात ३६ आणि दुसऱ्यात ५९ अवस्वर, म्हणजे अध्याय, असून एकूण ओव्या जवळजवळ ११,००० आहेत. एवढ्या विस्तारातून आपण उचलतो त्या केवळ भाषास्तुतीच्या. एखाद्याने देवघराच्या उंबरठ्याची रांगोळी वाखाणावी आणि आत डोकावूही नये, तसा हा प्रकार आहे.

आत डोकावले असता पहिल्याच अवस्वरात जे दिसते, ते आमच्या मते या ग्रंथाच्या समीक्षेचे खरे प्रारंभस्थान आहे. पाद्री गुरू नवख्रिस्ती लोकांना धर्माचे प्राथमिक पाठ देत आहेत. श्रोत्यांपैकी एकजण त्यांना विनवितो की, हे पाठ नवशिक्यांना ठीक आहेत. परंतु आमच्या पूर्वीच्या पुराणांना तुम्ही मनाई केली, तेव्हा त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे एखादे पुराण का देत नाही? या विनवणीतून ग्रंथ जन्माला येतो.

हा प्रश्न नुसता कथेचा सांगाडा नव्हे. त्याच्यामागे इतिहास उभा आहे. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीय धर्मगुरू व बंधू मारले गेले आणि पोर्तुगीज सत्तेने त्याचा सूडही घेतला. या घटनांच्या सावलीत वाढलेल्या पिढीचा माणूस स्टीफन्सपुढे उभा राहून आपल्या घरातून गेलेल्या पोथीविषयी विचारीत आहे. ज्या सत्तेच्या आश्रयाने स्टीफन्स धर्मप्रसार करीत होते, तिच्यावरचा तो एक सौम्य परंतु स्पष्ट आरोपच आहे. मूर्तिपूजेवर कठोर टीका करणारी स्थळे ग्रंथात पुढे येतात, आणि हिंदू वाचकाला ती बोचल्यावाचून राहत नाहीत. ती झाकून ठेवणे हा प्रामाणिकपणा नव्हे. परंतु ज्याचे काही हिरावले गेले आहे त्याचा प्रश्न लेखकाने ग्रंथाच्या दारातच जपून ठेवला, हेही तितकेच खरे. तो वगळला असता तर त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते.

धर्मग्राम या शब्दाची येथे फोड करावयास हवी. वसईकडचे कॅथलिक ‘पॅरिश’ला धर्मग्राम म्हणतात. एक देऊळ, त्याचा धर्मगुरू, आणि त्या देवळाच्या घंटेच्या टप्प्यातील कुटुंबे, एवढा त्याचा अर्थ. मूल जन्मले की बाप्तिस्मा तेथे, लग्न तेथे, आणि अखेरची मूठमाती त्याच आवारात. कॅथलिक माणसाची श्रद्धा प्रथमतः विचार म्हणून येत नाही. ती रविवार, उपवासकाळ, सण आणि शेजाऱ्याच्या अंत्ययात्रेतील हजेरी म्हणून येते. आपल्याकडील वारकऱ्याची श्रद्धा एकादशी, हरिपाठ आणि दिंडीतील जागा यांच्या रूपाने येते, त्याच जातीची ही गोष्ट आहे. अशा समाजाला लागणारे पुस्तक एकांतात वाचण्याचे नसते. ते पुन्हा पुन्हा, सर्वांनी मिळून, ठराविक दिवशी ऐकण्याचे असते. स्टीफन्सपुढे पुराण मागणारा तो श्रोता नेमके हेच मागत होता. धर्माची प्रश्नोत्तरे त्याला मिळाली होती. त्याला हवे होते ते ऐकणे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे स्टीफन्सने केलेली भाषेची निवडही वेगळ्या प्रकाशात दिसू लागते. त्यांनी सामान्यांच्या नित्य पाठांतरासाठी ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी लिहिली ती कोकणीत. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, छापली गेली. पुराण मात्र त्यांनी मराठीत रचले. रोजच्या प्रार्थनेला घरची बोली आणि पुराणश्रवणाला मराठी, ही विभागणी त्यांनी आपल्या मनाने केलेली नाही. गोव्यातील लोकांच्या जिभेवर आणि कानांवर ती आधीपासून होती. त्यांनी ती ओळखली. आणि गद्य प्रस्तावनेत त्यांनी एक महत्त्वाचा खुलासा केला आहे. शुद्ध मराठी मध्यम प्रतीच्या लोकांना कळत नाही, म्हणून पूर्वीच्या कवींचे अवघड शब्द टाकून देऊन ठिकठिकाणी तेथील ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत, असा त्याचा आशय. मराठीची स्तुती करणाऱ्या ओव्या आपण पाठ करतो; पण त्या स्तुतीचा कर्ता, श्रोत्याला समजावे म्हणून, त्याच मराठीचे दागिने एकेक करून उतरवून ठेवीत होता, हे आपण ध्यानात घेत नाही. भाषेवरील खरे प्रेम कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही त्या ओव्यांपेक्षा या गद्य खुलाशाकडे बोट दाखवू.

आणखी एक गोष्ट. ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला, तो लेखकाच्या हौसेने नव्हे. देशी लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी स्टीफन्सनी १६०८ साली रोमला पत्र लिहून मागितली होती. जोडाक्षरांमुळे लागणाऱ्या शेकडो साच्यांची अडचण त्यांना ठाऊक होती, तरी त्यांचा आग्रह होता. तो सफल झाला नाही. आपल्यापैकी ज्यांनी वरिष्ठ कचेरीकडे रास्त मागणी पाठवून वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, त्यांना या पत्राची कथा निराळी समजावून सांगावयास नको.

आता काव्य म्हणून या ग्रंथाची किंमत काय? स्टीफन्स हे एकनाथांचे समकालीन. एकनाथांनी आपले भागवत काशीक्षेत्री पुरे केले, स्टीफन्सनी आपले पुराण साष्टीत. पण दोघांनीही ओवी हे श्रोत्याशी बोलण्याचे साधन मानले. ग्रंथारंभीचे नमन मराठी कवींच्या परिपाठाला धरून आहे, आणि कथेच्या ओघात श्रोते मधूनमधून शंका विचारतात व गुरू त्यांचे समाधान करतात. या शंका काही ठिकाणी ठोकळेबाज आहेत, उत्तरासाठी मुद्दाम उभ्या केल्यासारख्या. परंतु अनेक ठिकाणी त्या जिवंत आहेत, कारण त्या खरोखर विचारल्या गेल्या असाव्यात असे वाटते. दैवी पुरुषाला एवढे हाल का सोसावे लागले, यांसारखी शंका पुराणे ऐकून वाढलेल्या मनालाच येणार. ज्याने अवतारांना दैत्यांचा संहार करताना ऐकले, त्याला क्रुसावर निमूट मरणारा देव समजावून सांगणे ही सोपी गोष्ट नव्हती. त्या अडचणीशी स्टीफन्स झगडतात तेव्हा त्यांची ओवी भारदस्त होते. उलट, जेथे झगडा नाही आणि बायबलातील वृत्तांत पुढे रेटावयाचा आहे, तेथे ती पसरट होते. नावांच्या याद्या लांबतात, उपमा ठराविक येतात. ज्ञानेश्वरांची झेप तिच्यात नाही, एकनाथांचे घरगुती मिस्किलपणही क्वचितच. पण त्या याद्याही मोठ्याने म्हणून पाहिल्या तर कंटाळा निम्मा होतो, हा आमचा अनुभव आहे. ज्या ग्रंथाची रचना कानासाठी झाली त्याला केवळ डोळ्यांनी जोखणे हा अन्याय आहे.

त्या काळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिन भाषेत चाले. साष्टीतील शेतकऱ्याला तिच्यातील शब्द कळत नव्हते. रविवारी आणि सणावारी देवळात हे पुराण वाचले-गायिले जाई, तेव्हा वेदीवर जे घडत होते त्याची कथा त्याला त्याच्या ओळखीच्या छंदात ऐकावयास मिळे. पाद्रीच्या हाती लॅटिन आणि लोकांच्या कानी ओवी, अशी ती व्यवस्था होती. ओवी नसती तर त्या देवळांत माणसे जमली असती, पण त्यांचा धर्मग्राम झाला असता की नाही याची आम्हांला शंका वाटते. माणसे आज्ञेने एकत्र येतात. एकत्र राहतात ती सामाईक कथेने.

या म्हणण्याला पुरावा ग्रंथाच्या पुढील इतिहासात आहे. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. पुढे वारे फिरले. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. छापील पुराणाच्या त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही पुराण जगले. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा किनाऱ्यावर गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या, नकलून काढल्या आणि वाचल्या. त्यांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती सिद्ध केली. पुढे लंडनमध्ये मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखित अभ्यासकांच्या नजरेस आले. त्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आढळतात, आणि मूळ पाठ कोणता याविषयी वाद झाले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा कोठे सामान्य मराठी वाचकाला ग्रंथ हाताशी आला. सत्तेने पाठ फिरवली, छापखाना थंडावला. परप्रांती गेलेल्या, मराठी मुलखापासून तुटलेल्या घरांनी तो राखला. मंडळात टाळ्या वाजविणाऱ्या आम्हा परप्रांतीयांना हे विशेषेकरून आठवावयास हवे. ज्यांच्या मुलांनी तिसऱ्या पिढीत मराठी पुस्तक हाती धरणे सोडले आहे, त्यांनी तर अधिकच.

मग मराठी साहित्याच्या इतिहासात धर्मग्रामाला जागा का मिळू नये? आम्हांला याचे एक कारण दिसते. मराठी वाचकाच्या मनातील ख्रिस्ती साहित्याचे चित्र रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई यांनी घडविले आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा; त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ तर मराठी गद्याचा अलंकारच ठरली. पण ते प्रॉटेस्टंट घर होते आणि त्या साहित्याचा गाभा धर्मांतराचा होता: एका माणसाने घेतलेला निर्णय, त्याच्या पत्नीची होरपळ, दोन समाजांच्या मध्ये उभे राहिलेले कुटुंब. ही कथा हिंदू वाचकाला जवळची वाटते, कारण तिची सुरुवात त्याच्याच अंगणात होते. धर्मग्रामाच्या कथेत असा निर्णय नसतो. तेथे माणूस जन्मतः ख्रिस्ती असतो, त्याचे आजे-पणजे त्याच आवारात निजलेले असतात, आणि त्याची श्रद्धा त्याच्या विहिरीइतकी, वाडीइतकी त्याच्या सवयीची असते. अशा श्रद्धेत नाट्य कमी, नित्य अधिक. आमच्या समीक्षेला नाट्य दिसते. नित्य दिसण्यास तिला वेळ लागतो.

वसईचे उदाहरण घ्या. १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असलेला हा प्रदेश चिमाजी अप्पांनी जिंकला, ही आपल्या शाळेतील इतिहासाची अभिमानाची गोष्ट. पण किल्ला पडल्यावर त्याच्या भोवतीची ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे कोठे गेली, हे शाळेत कुणी सांगितले नाही. ती कोठेच गेली नाहीत. मराठी राज्यात, नंतर इंग्रजी अमलात ती आपल्या देवळांभोवती राहिली, केळी आणि पानवेली पिकवीत राहिली, आणि घरात मराठीच्या बोली बोलत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, तेव्हा येथील मिस्सा मराठीत आली. साष्टीत ओवीने जे काम केले होते ते आता वेदीवरूनच होऊ लागले. १९५५ साली सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने या समाजाला छापील व्यासपीठ दिलेच होते. या मासिकाचे दीर्घकाळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. वसईची हिरवी शेते आणि विहिरींचे पाणी वाचविण्याच्या चळवळीत ते धर्मगुरूच्या झग्यानिशी रस्त्यावर उभे राहिले होते. धर्मग्रामाची श्रद्धा देवळाच्या पायरीशी थांबत नाही, याची याहून वेगळी साक्ष नको. वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. पूर्वीच्या पुराणांविषयी विचारणाऱ्या त्या साष्टीकराला चारशे वर्षांनी मिळालेले ते एक वेगळे उत्तर आहे.

दिब्रिटोंची निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूला हे पद कशाला, असा सूर काही ठिकाणी निघाला होता. ज्या भाषेने आपले आद्य ग्रंथ मठांत, मंदिरांत आणि कीर्तनांत घडविले, तिने धर्मगुरूकडे पाहून बिचकावे, याचे आम्हांस नवल वाटते. आमची हरकत धर्माला नसते; ती आपल्या ओळखीच्या नसलेल्या देवळाला असते. स्टीफन्सची स्तुती आपल्याला चालते, कारण ती दुरून आलेल्या पाहुण्याची स्तुती आहे. त्या पाहुण्याने ज्यांच्यासाठी ग्रंथ लिहिला ते लोक मात्र पाहुणे नव्हते. ते घरचेच होते आणि आहेत. त्या घरच्यांना ‘तुमचे मराठी चांगले कसे’ म्हणून विचारणे, हा स्टीफन्सच्या त्या ओव्यांचा सर्वांत वाईट अर्थ लावणे होय.

वाचकांपैकी जे मंडळांचे कार्यवाह असतील त्यांना एकच सूचना करून हा लेख पुरा करतो. येत्या फेब्रुवारीत त्या दोन ओव्यांवर न थांबता पहिला अवस्वर पुरा वाचावा. आणि वाचावयास, गावात कोणी वसईकर किंवा गोवेकर कॅथलिक कुटुंब असेल, तर त्यांना आधी बोलवावे. आमच्या मंडळात तसे ठरले आहे. त्या गृहस्थांना आम्ही विचारले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "वाचीन की. पण साहेब, तो प्रश्न आहे ना, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, त्या ओव्या तुम्ही वाचा. उत्तराच्या मी वाचतो."